मॅक्रो लेन्स न घेता किड्यांचे क्लोजअप

चतुर, नाकतोडे जवळून टिपायचेत पण १०० एमएमची मॅक्रो लेन्स परवडत नाहीये, तर घरात पडलेली ५५-२५० नाहीतर ७०-३०० एमएमची झूम लेन्स बाहेर काढा. ५० एमएमला एक्स्टेन्शन ट्यूब (कॅमेरा आणि लेन्सच्या मधे बसणारी पोकळ नळी) लावायचा सल्ला बरेच जण देतात, स्वस्तही पडतं, पण मग लेन्स किड्याच्या पार तोंडाशी न्यावी लागते आणि तो भुर्रकन उडतो, माझे निम्मे चतुर असेच गेले.

झूमच्या पुढे +८ डायॉप्टरचं (डायॉप्टर म्हणजे भिंगाची ताकद, चष्म्याच्या नंबरासारखी) क्लोजअप अटॅचमेंट, म्हणजे लेन्सवर बसणारं जादा भिंग, लावा (रेनॉक्स डीसीआर-२५० तसलंच आहे). फोकस मॅन्युअल करून इन्फिनिटीला (सगळ्यात लांबच्या खुणेला) ठेवा, आता किडा साधारण १२ सेंमीवर आला की शार्प दिसतो, म्हणून फोकस रिंगला हात न लावता स्वतःच हळूहळू पुढे-मागे व्हा. लहान-मोठं झूमने करायचं, हिशोब सोपाय: झूमचे एमएम गुणिले डायॉप्टर भागिले १०००. म्हणजे १२५ ला एकास एक (सेन्सरवर किडा खऱ्या आकाराएवढाच), २५० ला दुप्पट, आणि अंतर मात्र तेवढंच!

फक्त एका काचेचे स्वस्त क्लोजअप फिल्टर घेऊ नका, कडांना जांभळी झालर येते. ॲक्रोमॅट (ही झालर कमी करणारं, एकाहून जास्त काचांचं भिंग) आहे का ते विचारूनच घ्या.