बदललेला सांधा दुखतच राहिला, तर निदानात या चुका टाळा

"ऑपरेशन झाल्यापासून गुडघा एक दिवस गप्प बसला नाही," असं पेशंट म्हणाला की कान टवकारावेत. ताप नसतो, सूज जेमतेम, टाकेही छान भरलेले. कृत्रिम सांध्यातला जुनाट संसर्ग असाच दबा धरून बसतो, कारण स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिससारखे जंतू धातूवर चिकट थर करून त्यात लपतात.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे आधी अँटिबायोटिक, मग तपासणी. दुखणं थोडं उतरतं, जंतू मात्र तिथेच, आणि कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) कोरं येतं. पेशंट स्थिर असेल तर गोळ्या किमान २ आठवडे बंद ठेवून मगच सांध्यातलं पाणी काढावं. "गोळी काहीच घेतली नाही" म्हणणाऱ्याच्या पिशवीतही एकदा डोकवा. अर्धी स्ट्रिप निघते.

सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) नॉर्मल आला म्हणून फाइल बंद करू नका. खांद्यातला क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा जंतू कित्येकदा सीआरपी हलवतही नाही.

पाण्याच्या रिपोर्टवर खरा घोळ होतो. परवाच एक पाहिला: पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला ६,२००, खाली शेरा 'सेप्टिक वाटत नाही', म्हणजे संसर्ग नाही. फॉर्मवर नुसतं 'गुडघ्यातलं पाणी' लिहिलेलं! मूळ, न बदललेल्या सांध्याला लावतात तो ५०,००० चा आकडा इथे चालत नाही. ऑपरेशनला ६ आठवडे उलटले की कृत्रिम सांध्यात ३,००० च्या वर पेशी संशयास्पद धरतात. 'कृत्रिम सांधा' हे दोन शब्द लिहायला किती शाई लागते? पेशी मोजायला पाणी जांभळ्या टोपीच्या ईडीटीए नळीत द्या, नाहीतर ते गोठतं. उरलेलं थेट ब्लड कल्चरच्या बाटलीत. आणि कल्चरची प्लेट १४ दिवस ठेवायला लॅबला फोन करून सांगा. सावकाश वाढणारे जंतू पाचव्या दिवशी दिसतीलच असं नाही.

ऑपरेशनमध्ये स्वॅब (कापसाच्या काडीने पुसून घेतलेला नमुना) नको. कल्चरला सांध्यातल्या वेगवेगळ्या जागचे ऊतींचे ५-६ तुकडे द्या, प्रत्येकासाठी स्वच्छ वेगळं हत्यार. दोन तुकड्यांत एकच जंतू आला तर निदान पक्कं. एकातच आला तर तो कातडीवरचाही असू शकतो.

व्रणाजवळची 'पुळी' महिनोन्महिने झिरपत असेल, तर मलमपट्टी करत बसू नका. तिची वाट सांध्यापर्यंत जात असेल तर संसर्ग आहेच. तिथल्या स्वॅबवरून औषध मात्र ठरवू नका, त्यात बहुधा कातडीचेच जंतू येतात.