फोनचे अपडेट रखडले असेल तर काय करावे

फोनचे अपडेट रखडल्याची जाणीव गावात सहसा आडवळणाने होते. खरिपाचा पेरा ई-पीक पाहणीत नोंदवायचा असतो आणि ॲप उघडत नाही, किंवा बँकेचे ॲप एके दिवशी ‘या फोनवर चालणार नाही’ असे सांगून बंद पडते. तलाठ्याला किंवा बँकेला दोष देण्याआधी आपला फोन कोणत्या अवस्थेत आहे, हे तपासावे.

सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडून अँड्रॉइडच्या आवृत्तीवर बोट ठेवले, की बहुतेक फोनांत सुरक्षा पॅचची (म्हणजे सुरक्षेतील त्रुटी बुजवणाऱ्या दुरुस्तीची) आणि गूगल प्ले सिस्टीम अपडेटची तारीखही दिसते. काही फोनांत ती ‘सिक्युरिटी’ या विभागात असते. यांतील सुरक्षा पॅचची तारीख सर्वांत महत्त्वाची आहे. आवृत्ती जुनी असूनही पॅच ताजा असेल तर फोन निर्धास्त वापरता येतो. उलट नवी आवृत्ती आणि वर्षभर जुना पॅच, ही जोडी धोक्याची आहे. प्ले सिस्टीम अपडेट अँड्रॉइड १० पासून, म्हणजे २०१९ पासून, गूगल स्वतः थेट पाठवते, त्यामुळे कंपनी गप्प बसली असली तरी त्या ओळीवर बोट ठेवून ते मागवून घ्यावे.

उशीर का होतो, हे समजून घेतले तर तक्रार नेमकी करता येते. गूगलने दिलेली दुरुस्ती चिप बनवणाऱ्याच्या सॉफ्टवेअरशी जुळवावी लागते, मग फोनची कंपनी तिच्यावर आपला साज चढवते, प्रत्येक मॉडेलवर चाचणी घेते आणि शेवटी थोड्याथोड्या ग्राहकांना टप्प्याटप्प्याने पाठवते. हा शेवटचा टप्पा योग्यच आहे, कारण बिघाड निघाला तर तो थोडक्यात आवरतो. म्हणून शेजाऱ्याच्या तशाच फोनवर अपडेट आले आणि आपल्याकडे आले नाही, तर काही दिवस थांबावे. मात्र अनेक महिन्यांच्या दिरंगाईला हे कारण पुरत नाही. सुरक्षेच्या त्रुटींची यादी प्रसिद्ध होण्यापूर्वी किमान महिनाभर आधी ती फोन कंपन्यांना कळवण्याची पद्धत आहे, आणि यादी प्रसिद्ध झाली की ती चोरांनाही वाचता येते. महागड्या फोनला पॅच लगेच मिळावा आणि ज्याच्या एकुलत्या एका स्वस्त फोनवर कापसाचे पैसे येतात त्याने तिमाही उलटण्याची वाट पाहावी, हा मला उघड अन्याय वाटतो.

अपडेट आलेले असेल, तर ते उतरवण्याची वेळ निवडावी लागते. मोठे अपडेट एक ते तीन जीबीचे असू शकते आणि रोज दीड-दोन जीबी मिळणाऱ्या पॅकमध्ये ते एका दिवसात मावेलच असे नाही. मध्यरात्री नवा डेटा सुरू होतो आणि टॉवरवरची गर्दीही कमी असते. रब्बीत हरभऱ्याला पाणी देण्यासाठी रात्रीच्या विजेवर जागणाऱ्याला ही वेळ अवघड नाही. त्याआधी व्हॉट्सॲपवरचे जुने व्हिडिओ काढून जागा मोकळी करावी, आवश्यक फोटोंची प्रत दुसरीकडे ठेवावी आणि बॅटरी अर्ध्याहून अधिक भरलेली असू द्यावी, कारण वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो.

वाट पाहून कंटाळा आला तरी व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) अपडेट समजून कधीही उघडू नये. पीएम किसान किंवा ई-चलानच्या नावाने अशाच फाइली पाठवून लोकांची खाती रिकामी केली गेली आहेत. बूटलोडर (फोन सुरू करणारा, कंपनीने कुलूपबंद ठेवलेला भाग) खोलून दुसरे सॉफ्टवेअर टाकल्यास बँकेची ॲप बंद पडू शकतात, म्हणून तो मार्गही टाळावा.

नवा फोन घेताना खरी काळजी घ्यावी. किती आवृत्त्या आणि किती वर्षे सुरक्षा पॅच, हे दोन वेगळे आकडे असतात, ते कंपनीच्या संकेतस्थळावर पाहून दुकानात जावे. ही वर्षे साधारणपणे फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. त्यामुळे दिवाळीच्या सवलतीत दोन वर्षे जुने मॉडेल घेतले, तर दोन वर्षांचे संरक्षण आधीच संपलेले असते. २०२३ च्या पिक्सेल ८ ला आणि २०२४ च्या गॅलॅक्सी एस२४ ला सात वर्षांचे आश्वासन मिळाले, म्हणजे दीर्घकाळ अपडेट देणे अशक्य नाही.

आश्वासन दिलेल्या मुदतीतच पॅच बंद झाले, तर संकेतस्थळावरील आश्वासनाच्या पानाचे आणि पॅचच्या तारखेचे स्क्रीनशॉट घेऊन, खरेदीच्या बिलासह कंपनीकडे लेखी तक्रार करावी. उत्तर आले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. पुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग आहे.

मुदतच संपली असेल, तर त्या फोनवरून यूपीआय आणि बँकेची ॲप काढावीत. बँकेला जोडलेले सिम साध्या बटणांच्या फोनमध्ये घालून *९९# लावले, तर इंटरनेटविनाही ५,००० रुपयांपर्यंतचा व्यवहार करता येतो.