स्लर्म क्लस्टरवर नेक्स्टफ्लो चालवण्याआधी

नेक्स्टफ्लो हा अनेक टप्प्यांचं विश्लेषण आपोआप चालवणारा प्रोग्राम आहे आणि स्लर्म क्लस्टरवरच्या जॉबची रांग सांभाळतो. सगळ्यात आधी वर्क डिरेक्टरी, म्हणजे मधल्या फाइलींची जागा, कुठे असेल ते ठरवा. नेक्स्टफ्लो प्रत्येक टास्कसाठी तिथे वेगळं फोल्डर करतो आणि ते सगळ्या कंप्युट नोडना (काम प्रत्यक्ष जिथे चालतं त्या मशीनना) दिसावं लागतं, म्हणून ती शेअर्ड स्क्रॅचवर (सामायिक, तात्पुरत्या डिस्कवर) हवी. होममध्ये ठेवली तर कोटा लगेच भरतो. जागेसोबत फाइलसंख्येची मर्यादाही बघा. एका टास्कमागे सहा-सात छोट्या लपलेल्या फाइली तयार होतात, म्हणजे 10,000 टास्कच्या साठ हजारांहून जास्त. स्क्रॅच किती दिवसांनी आपोआप साफ होतं, हे अ‍ॅडमिनना विचाराच. पब्लिशडिर (निकाल ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवणारी सेटिंग) मुळात निकालांच्या सिमलिंकच करतो, म्हणजे वर्कमधल्या मूळ फाइलीकडे बोट दाखवणारे दुवे. मोड ‘कॉपी’ लिहिला नसेल तर वर्क पुसल्यावर निकालही जातात. इतकं नुकसान करणारी दुसरी चूक क्वचितच असेल.

सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये, म्हणजे बंद पॅकेजमध्ये, चालवणाऱ्या डॉकरला रूट अधिकार लागत असल्याने बहुतेक क्लस्टरवर तो मिळत नाही, त्याऐवजी तेच काम करणारा अ‍ॅप्टेनर वापरा. कंप्युट नोडना सहसा इंटरनेट नसतं, तेव्हा सगळ्या इमेज (कंटेनरच्या फाइली) आधीच लॉगिन नोडवरून कॅशे डिरेक्टरीत उतरवून घ्या आणि टॅगमध्ये ‘लेटेस्ट’ न लिहिता नेमकी आवृत्ती लिहा. जावाची आवृत्तीही तपासा. नव्या नेक्स्टफ्लोला 17 किंवा पुढची लागते.

कॉन्फिगमध्ये एक्झिक्युटर (टास्क कुणामार्फत चालवायचे ते) ‘स्लर्म’ लिहा, क्यूचं, म्हणजे रांगेचं, नाव द्या. एका वेळी रांगेत किती जॉब जातील याची मूळ मर्यादा 100 आहे. तुमच्या खात्याला कमी परवानगी असेल तर ती उतरवा. मेमरी ठोक आकड्यात न देता ‘8 जीबी गुणिले प्रयत्नक्रमांक’ अशी द्या, एररस्ट्रॅटेजी ‘रिट्राय’ आणि मॅक्सरिट्राइज 2 ठेवा, म्हणजे फसलेला टास्क आणखी दोनदापर्यंत चालवला जाईल. एक्झिट कोड 137 दिसला तर बहुधा मेमरी कमी पडून टास्क मारला गेलेला असतो. अशा वेळी दुसऱ्या प्रयत्नाला 16 जीबी मिळतात आणि रात्रभराचं काम वाचतं.

मुख्य प्रक्रिया उघड्या एसएसएच खिडकीत नको, कनेक्शन तुटलं की तीही मरते. टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी चालू राहणाऱ्या टर्मिनलमध्ये) किंवा लांब मुदतीच्या वेगळ्या स्लर्म जॉबमध्ये चालवा.

रिझ्यूमची (झालेले टास्क पुन्हा न चालवता पुढे जाण्याच्या सोयीची) चाचणी आधीच दोन छोट्या नमुन्यांवर करा: पूर्ण चालवा, काहीही न बदलता रिझ्यूम लावून पुन्हा चालवा, सगळे टास्क ‘कॅश्ड’ दिसायला हवेत. तसं झालं नाही तर इनपुट फाइलींवर नोंदलेल्या वेळा बदलल्यात का ते बघा. शेअर्ड डिस्कवर हे घडतं. मग कॅशे ‘लेनियंट’ करा, तो फक्त पाथ आणि आकार पाहतो. ट्रेस (प्रत्येक टास्कने किती मेमरी आणि वेळ घेतला याची नोंद) चालू ठेवा. मोठ्या फेरीसाठी मेमरी आणि वेळ किती मागायची, ते त्याच फाइलीतून काढा.