युद्धातल्या परिचारिकेची गोष्ट कुमारांसाठी कशी लिहावी

रणांगणापासून सुरुवात करू नका, पोरीच्या हातांपासून करा. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या हजारो मुली स्वयंसेविका म्हणून इस्पितळांत दाखल झाल्या. त्यांना ‘व्हीएडी’ (व्हॉलंटरी एड डिटॅचमेंट, म्हणजे स्वयंसेवकांचं मदत पथक) म्हणत. घरी कधी स्वतःचा कपही न विसळलेल्या कित्येकींच्या वाट्याला आधी आलं ते फरशी पुसणं आणि बेडपॅन धुणं. ते हात वर्षभरात काय काय शिकले, हीच तुमची कादंबरी. इथे मी फ्रान्सच्या किनाऱ्यावरचं एताप्ल हे ठिकाण धरते आहे. तिथे इस्पितळांची अख्खी छावणी वसली होती.

१. आधी नायिकेचं वय ठरवा.
परदेशी जाण्यासाठी किमान वय २३ होतं. अनेकींनी ते वाढवून सांगितलं. तुमची मुलगी एकोणीसची असेल, तर पहिलं वळण आयतंच हाती आलं. घरात खरं कुणाला ठाऊक आहे? मेट्रनला, म्हणजे मुख्य परिचारिकेला, संशय कधी येतो? हे खोटं शेवटपर्यंत तिच्या मानगुटीवर बसू द्या.

२. मग तारीख पक्की करा.
१ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोम नदीकाठची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे १९ हजारांहून अधिक जवान मेले. जखमी आणि बेपत्ता धरले, तर आकडा ५७ हजारांवर जातो. तुम्हाला तो पाठ हवा, पण नायिकेच्या तोंडी नको. तिला दिसते ती एकामागून एक येणारी जखमींची गाडी. स्वच्छ चादरी संपल्या, एवढंच लिहा.

३. औषधं तपासा. इथे घाई करू नका.
पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये, म्हणजे तुमच्या वॉर्डात ते नाही. फ्रान्स-बेल्जियमच्या शेतांत पिढ्यान्‌पिढ्या शेणखत पडलेलं; ती माती गोळीबरोबर जखमेत जायची आणि मांस सडायचं. त्यावर शल्यविशारद कॅरेल आणि रसायनशास्त्रज्ञ डेकिन यांची पद्धत आली: जखमेत रबरी नळ्या बसवायच्या आणि दर दोन तासांनी क्लोरीनयुक्त सौम्य द्रावण आत सोडायचं. भोवतालची कातडी भाजू नये म्हणून व्हॅसलीन लावलेलं गॉझ ठेवायचं.

यात अख्खं प्रकरण दडलेलं आहे. रात्रपाळी, अंधूक दिवा, दहा, बारा, दोन, चार. दहाला तिचा हात थरथरतो, जवान दात आवळून छताकडे बघतो. बाराला तो तिला नाव विचारतो. दोनला ती नळीचा चिमटा न बघता उघडते. चारला खाट रिकामी असेल की नाही, ते तुम्ही ठरवा. घड्याळानेच कथानक पुढे नेलं, तुम्हाला वेगळं काही रचावं लागत नाही.

पट्टी बांधण्याचा प्रसंग लिहिण्याआधी रोलर बँडेज आणून कुणाच्या तरी गुडघ्यावर बांधून पाहा. सैल पट्टी चालायला लागताच कशी सरकते, ते बोटांना कळलं की वाक्य आपोआप खरं उतरतं.

४. बोलण्यात काळ आणा.
मायदेशी पाठवणी होईल इतपत जखम झाली, की जवान तिला ‘ब्लाइटी’ म्हणत. हा शब्द आपल्या ‘विलायती’वरून गेलेला! मराठी वाचकाला तो सांगायलाच हवा.

५. मराठी पात्र ओढूनताणून आणू नका.
१९१६ च्या सोमजवळ मराठा पलटण दाखवाल तर चूक होईल. पुणे डिव्हिजनमधल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत शहराच्या वेढ्यात अडकल्या होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला तिथे शरणागती झाली. मराठी जवान हवाच असेल तर कथाच तिकडे न्या. ती लिहायचीच राहिली आहे, असं मला मनापासून वाटतं.

६. किती दाखवायचं?
तेरा-चौदाची मुलं सगळं पेलतात, त्यांना फसवलेलं मात्र चालत नाही. एका प्रसंगात एकच जखम, पण ती नीट दाखवा. वास विसरू नका.

७. शेवट.
११ नोव्हेंबर १९१८ ला, युद्ध थांबल्याच्या घंटा वाजताना, गोष्ट संपवायचा मोह होईल. पण त्या दिवशीही वॉर्ड भरलेले होते आणि इन्फ्लुएंझाची साथ चालू होती. त्या रात्री तिला ड्यूटीवर ठेवा.