वाचवलेल्या कुत्र्याची किशोर कादंबरी: लिहिताना या चुका टाळा

आठ ते बारा वर्षांच्या वाचकांसाठी वाचवलेल्या कुत्र्याची गोष्ट लिहिताना बहुतेक हस्तलिखिते एकाच जागी अडकतात. दुसऱ्या प्रकरणात पिल्लू सापडते, चौथ्यात ते घरी रुळते आणि पुढे सांगण्यासारखे काही उरत नाही. मग चोर आणावे लागतात, पूर आणावा लागतो. यावरचा उपाय सोपा आहे. मुलांचे प्रसंग रचण्याआधी कुत्र्याचे वेळापत्रक कागदावर मांडा: त्याचे वय, आजार, भीती, लशींच्या तारखा. मुलांची दोस्ती कुठे जुळेल आणि कुठे तुटेल हे त्या तारखांतूनच सुचत जाते.

वय ठरवलेलेच नाही

ही सर्वांत महाग पडणारी चूक. पिल्लाचे डोळे जन्मानंतर साधारण १० ते १४ दिवसांनी उघडतात, दुधाचे दात तिसऱ्या आठवड्यापासून येऊ लागतात. म्हणजे डोळे मिटलेले पिल्लू बशीतून दूध पिताना दाखवले की गोष्ट तिथेच खोटी पडते. इतक्या लहान पिल्लाला दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, बाटलीने भरवावे लागते. त्याआधी त्याला ऊब द्यावी लागते, कारण गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. गाईच्या दुधाने अनेकदा जुलाब होतात, म्हणून पिल्लांसाठी मिळणारी दूधपावडर लागते. शी-शू व्हावी म्हणून कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शी-शूच्या जागा हळुवार पुसाव्या लागतात.

शाळेत जाणाऱ्या मुलाला हे एकट्याने जमणार नाही, आणि तुमच्या कथानकाचे बीज नेमके तिथेच आहे. दुपारी बारा वाजता कोण भरवणार? जिच्याशी महिनाभर बोलणे बंद आहे ती शेजारची मुलगी? एवढी जबाबदारी गोष्टीला पेलणार नसेल, तर पिल्लू आठ आठवड्यांचे करा.

आणखी एक गोष्ट. एकटी दिसणारी पिल्ले नेहमी अनाथ नसतात, आई अन्न शोधायला गेलेली असते. आधी लांबून काही तास पाहायचे असते. मुलांनी घाईने पिल्लू उचलले आणि संध्याकाळी आई ते शोधत आली, असे घडवलेत तर तुमच्या नायकाला खरा पेच मिळतो.

दोन दिवसांत माया

मार खाल्लेला मोठा कुत्रा पहिले काही दिवस कोपऱ्यात बसतो आणि कोणासमोर खात नाही. घराची रीत कळायला काही आठवडे जातात, विश्वास बसायला महिने. ही सावकाशी कापू नका, तीच या प्रकारच्या कादंबरीचा गाभा आहे. खुणा नेमक्या लिहा: भूक नसताना ओठ चाटणे, थकवा नसताना जांभई, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसणे, जागीच थिजणे. हलणारी शेपटी म्हणजे दर वेळी आनंद नव्हे. ताठ आणि उंच धरून भरभर हलणारी शेपटी इशारा असू शकते. एक मूल थेट मिठी मारायला धावते, दुसरे पाठ वळवून बाजूला बसते आणि भाकरीचा तुकडा जमिनीवर ठेवते. दोघांचे स्वभाव वेगळे सांगायची गरजच उरत नाही.

हस्तलिखितांत हिरव्या गवतात लाल चेंडू चटकन ओळखणारा कुत्राही बराच आढळतो, पण तो चुकीचा. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग चांगला कळतो, लाल आणि हिरवा मळकट दिसतो. चेंडू निळा करा, नाहीतर त्याला तो वासाने शोधू द्या.

चावा आणि घरगुती औषध

चावल्यावर हळद लावून पुढच्या पानावर हसणारे मूल दाखवू नका. वाचणारे मूल तेच करील. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठायचे. पहिली सुई तो दिवस ० धरला, तर स्नायूत देण्याच्या रेबीजच्या लशीचे दिवस ०, ३, ७, १४ आणि २८, त्वचेत देण्याच्या लशीचे ०, ३, ७ आणि २८. एवढ्या तारखा म्हणजे चार-पाच प्रकरणे झालीच, आणि चावा घरी लपवायचा की सांगायचा यावर दोघा मित्रांचे भांडणही.

कुत्र्याला घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देणे धोक्याचे. पावसाळ्यात जखमेत किडे पडतात. त्यावर फिनेल ओतल्याने भाजते, ते काम पशुवैद्याचे. पार्वो हा पिल्लांचा जीवघेणा आजार दाखवायचा तर उलट्या, रक्ताचे जुलाब आणि दिवसेंदिवस सलाइन हे सगळे येऊ द्या. त्याचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे शेजारच्या मित्राचे लस न दिलेले पिल्लू त्या अंगणात येऊ शकत नाही. दोन मित्रांना वेगळे ठेवायला याहून खरे कारण मिळणार नाही. पिल्लाच्या लशी ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात, १६ आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढची, आणि रेबीजची साधारण तिसऱ्या महिन्यात.

पोस्टकार्डातला गोवा

गोष्ट गोव्यात घडत असेल, तर समुद्र, माड आणि सूर्यास्त लिहिले म्हणजे गोवा उभा राहत नाही. किनाऱ्यावरच्या कुत्र्यांचे पोट शॅकवर, म्हणजे वाळूतल्या हंगामी खाणावळींवर, आणि होड्यांवर चालते. शॅक मेअखेर उतरवतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. भुकेला कुत्रा वाड्यावर, म्हणजे गावातल्या वस्तीकडे, सरकतो तो तेव्हा. गोष्ट जूनमध्ये सुरू केलीत तर तुम्हाला कारण शोधावे लागत नाही. चवथीला (गणेशचतुर्थीला) आणि दिवाळीआधीच्या नरकासुराच्या रात्री फटाके वाजतात, भित्रा कुत्रा पळतो तो त्याच रात्री. २०२५ पासून सहावी ते दहावीचे वर्ग एप्रिलमध्ये सुरू होतात, तेव्हा सुट्टीचे प्रकरण मे महिन्यातच बसवा. डिचोलीच्या मराठी शाळेतली मुले मैदानात एकमेकांशी कोंकणीत बोलतील आणि वर्गात मराठीत. संवाद सगळे पुणेरी केलेत तर मुलांचा आवाजच हरवतो.

जाळीवाला खलनायक

जाळी घेऊन आलेला माणूस दुष्ट, हा साचा गोव्यात तर अगदीच चुकतो. जाळीने कुत्रा धरून, जागीच रेबीजची लस टोचून, अंगावर रंगाची खूण करून सोडणारी पथके इथे वर्षानुवर्षे फिरली आहेत. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले त्यामागे हे काम आहे. मुलांनी त्यांना शत्रू समजून कुत्रा लपवावा आणि त्याची लसच चुकावी, असे लिहून पाहा.

शाळेच्या आवारातच कायम राहणारा कुत्रा दाखवताना मात्र सावध राहा. ७ नोव्हेंबर २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा आवारांतून भटकी कुत्री हलवायची आहेत, परत तिथेच सोडायची नाहीत. मुख्याध्यापकांना वाईट न ठरवता हा प्रश्न मांडता येतो.

रडवण्यासाठी मृत्यू

शेवटून दुसऱ्या प्रकरणात कुत्रा मारणे ही पळवाट आहे. मृत्यू येणारच असेल तर त्याची कारणे आधीच्या प्रकरणांत पेरलेली हवीत, आणि नंतर निदान दोन प्रकरणे मुलांना शोक करायला द्या.

जगणाऱ्या कुत्र्याचा शेवटही धूसर ठेवू नका. प्रत्येक कुत्रा घरातच जातो असे नाही. नसबंदी झाली, कानाला व्ही आकाराची खाच आली आणि तो आपल्याच वाड्यावर परतला, हाही शेवट खरा आहे. मग त्याला खायला घालण्याचे वार मुलांत वाटून द्या, डेचकी कोणाच्या घरची ते सांगा आणि दोघांपैकी एक आजारी पडला तर तिसरा कोण तेही ठरवा.