मोबाईल कमी वापरता? रिचार्ज करताना या चुका टाळा

गोव्यात सत्तरी, डिचोली, पेडणेच्या कितीतरी घरांत आई-बाबा दोघेच राहतात. त्यांचा फोन म्हणजे मुलांचे कॉल, बँकेचा ओटीपी आणि गॅसचं बुकिंग. तरीही रिचार्ज मारला जातो तो रोज दीड जीबीचा, आणि रात्री बारा वाजता तो डेटा न वापरताच संपतो. हे पैसे वाचवता येतात.

पहिली चूक २८ दिवसांना महिना समजण्याची. वर्षात असे १३ रिचार्ज होतात. २०० रुपयांचा पॅक धरला तर २,६०० रुपये. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये नियम बदलून फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. त्यानंतर २०२५ च्या सुरुवातीला एअरटेलचे असे पॅक ४६९ रुपयांत ८४ दिवस आणि १,८४९ रुपयांत ३६५ दिवस या दराने आले. जिओ आणि व्हीआयनेही आणले. दर बदलतात, म्हणून त्या दिवशीचा आकडा दिवसांनी भागून बघा. दुकानात हे पॅक कोणी आपणहून काढून देईलच असं नाही, ‘डेटा नसलेला कॉलिंग पॅक’ असं स्पष्ट सांगून मागा.

बाबा म्हापशाच्या बाजारात यूपीआयने पैसे देत असतील, तर मात्र थोडा डेटा लागेलच. वेगळं डेटा व्हाउचर मारताना मुदत वाचा. काही व्हाउचर एका दिवसातच संपतात.

सगळ्यात महाग पडते ती नेटवर्क न तपासता वर्षाचा रिचार्ज मारण्याची घाई. वाळपईच्या बाजारात चार काड्या दिसतात, पण डोंगराआडच्या घरात, चिऱ्याच्या जाड भिंतींमागे, आतल्या खोलीत फोन लागत नाही. पोर्ट केलं, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलली, की जुन्या पॅकची उरलेली मुदत बुडते. म्हणून आधी शेजाऱ्याचं सिम आपल्या फोनमध्ये घालून स्वयंपाकघरातून कॉल लावून बघा. ‘घरात वायफाय आहे, त्यावरून कॉल जातात’ यावर विसंबू नका. पावसाळ्यात लाईट गेली की राउटरही बंद, आणि नेमकी तेव्हाच फोनची गरज असते.

साधा बटणांचा टूजी फोन असेल तर जिओचं सिम त्यात चालत नाही. हे सिम घेण्याआधीच बघा.

‘शिल्लक २० रुपये ठेवले की झालं’ हा समज तर फारच नडतो. ९० दिवस वापर नसेल तर प्रीपेड नंबर बंद होऊ शकतो. खात्यात २० रुपये असतील तर ते कापून नंबर आणखी ३० दिवस राखला जातो. पण राखला जातो तो नंबर, सेवा नव्हे. पॅकची मुदत संपल्यावर आउटगोइंग लगेच थांबतं, काही दिवसांनी इनकमिंगही, आणि ओटीपी येईनासा होतो. नंबर कायमचा गेला तर पुढे तो दुसऱ्याला मिळतो. आधार आणि बँकेला मात्र तोच जोडलेला राहतो. मुलांनी संपायची तारीख आपल्या फोनवर रिमाइंडर लावून ठेवावी.

कंपनी बदलायचीच असेल तर ‘पोर्ट’ हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत, मग एक जागा सोडून आपला नंबर, असा एसएमएस १९०० वर पाठवा. आताच्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत. येणारा कोड आपल्याकडे ४ दिवसच चालतो, तेवढ्यात आधार घेऊन दुकान गाठा.