आजारपणाआधी कागद: सोलापुरात मोफत उपचार कसे मिळवाल

विड्या वळणारं घर असो की यंत्रमागावरचं, दवाखान्याची पायरी चढली की आधी मंगळसूत्र गहाण पडतं आणि योजनेची चौकशी मागाहून होते. हा क्रम उलटा करायचा.

सुरुवात रेशनकार्डापासून. पिवळं, केशरी, पांढरं, कुठलंही चालतं. जुलै 2024 पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत सगळ्याच शिधापत्रिकाधारकांना घेतलंय आणि आयुष्मान भारतसोबत मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात. कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर आहे ना, तेवढं पाहा.

आता कार्ड आणि सगळ्यांची आधारं शेजारी मांडून एकेक नाव ताडा. यात घाई नको, कारण घोडं इथंच अडतं. शेजारच्या मावशींचे कागद मी असेच चटईवर मांडले होते. रेशनकार्डावर ‘नरसम्मा’, आधारवर ‘नरसाबाई’. सुनेचं तर नावच नाही. लग्नाला चार वर्षं झाली तरी माहेरच्या कार्डातून ते कमी केलं नव्हतं. आधी तिकडे कमी केल्याचा दाखला, मग इकडे पुरवठा कार्यालयात अर्ज. सगळं होईपर्यंत महिना गेला. घरात तेव्हा कुणी आजारी नव्हतं म्हणून निभावलं.

नावं जुळली की आयुष्मान कार्ड काढा. सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी कामांच्या ऑनलाइन सेवा केंद्रात निघतं, आशाताईही मदत करतात; मोबाइल बरा असेल तर आयुष्मान अ‍ॅपवर घरीच. कार्ड प्रत्येकाचं वेगळं, पण 5 लाख सगळ्या घराचे मिळून. सत्तरी ओलांडलेल्यांचं वय वंदना कार्ड निराळं, त्याला उत्पन्नाची अट नाही.

दाखल व्हायची वेळ आली तर आधी विचारा, ‘हा दवाखाना योजनेत आहे का? हा आजार बसतो का?’ डॉक्टरांना नव्हे, आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात त्याचं टेबल असतं. मंजुरी उपचाराआधी लागते, बिल झाल्यावर कार्ड दाखवून उपयोग नाही. बसणाऱ्या उपचाराला कुणी पैसे मागितले तर 155388 वर तक्रार करा. साध्या तापा-खोकल्याला मात्र ही योजना नाही. त्यासाठी महापालिकेचा दवाखाना किंवा सिव्हिल.

एमआयडीसीत किंवा दुकानात पगारावर असाल तर पगारपावती नीट वाचा. महिना 21,000 पर्यंत पगार आणि ईएसआयची, म्हणजे कामगार राज्य विम्याची कपात असेल, तर तुमचे 0.75 टक्के जातात, मालक 3.25 टक्के भरतो. बारा हजारांवर तुमचे फक्त 90 रुपये. त्यात बायकापोरांचं ओपीडी, औषधंही येतात. कपात होऊनही विमा क्रमांक ठाऊक नसलेले कितीतरी जण मला भेटलेत. मालकाकडून तो मागून घ्या आणि घरच्यांची नावं चढवा.

योजनेत आजार बसला नाही तर धर्मादाय, म्हणजे ट्रस्टचं रुग्णालय. विश्वस्त कायद्यातल्या योजनेप्रमाणे तिथल्या 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि आणखी 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो एका दिवसात मिळत नाही. आयुष्मान कार्डाच्या फेरीतच त्याचाही अर्ज देऊन टाका.